नथीच्या जागेवरची गाठ आणि लाल दिव्याचा उपचार

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"डॉक्टर, माझी आई ६६ वर्षांची आहे. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, तिचं सगळं आयुष्य उन्हात गेलं. चार वर्षांपासून तिच्या डाव्या नाकपुडीवर काळसर पुटकुळी होती. चामखीळ समजून तिनं त्यावर चुना लावला, मग बरीच वर्षं आम्ही कुणी लक्षच दिलं नाही. दिवाळीपासून तोंड पुसताना पदराला रक्त लागायला लागलं. मिरजेत तुकडा तपासला, 'नोड्युलर बेसल सेल कार्सिनोमा, पिगमेंटेड' असा रिपोर्ट आला, म्हणजे त्वचेचा कर्करोग. सर्जन म्हणतात काढून टाकू. आई म्हणते, नाकाला सुरी लावू देणार नाही. वैशाखात नातीचं लग्न आहे, मी नथ कशी घालू? दादा मेलबर्नला असतो. तो म्हणतो, तिकडे जेल लावून लाल दिव्याखाली बसवतात, टाका नाही की काही नाही, त्याच्या शेजाऱ्याचं तसंच केलं. मी शोधलं तर शहरातल्या एका क्लिनिकनं फोनवर 'नॅनो लाइट थेरपी'च्या सहा सिटिंग सांगितल्या आणि आगाऊ पैसे मागितले. मावशी म्हणते बावचीचं तेल लावून उन्हात बसवा. काय करू? या नव्या उपचारासाठी थांबावं का?"

ताई,

थांबू नका. आईची गाठ शस्त्रक्रियेनंच काढून घ्या आणि ती याच महिन्यात काढून घ्या. क्लिनिकला पैसे पाठवू नका. बावचीचं तेल त्या जागेला लावू नका.

पण एवढं लिहून मी पत्र संपवलं तर तुमच्या घरातला वाद मिटणार नाही, कारण तुमचे दादा खोटं बोलत नाहीत. दिव्याचा उपचार खरा आहे, चांगला आहे, आणि मला स्वतःला त्याच्याबद्दल फार आस्था आहे. तो आईच्या गाठीला का चालणार नाही, हे तुम्हाला नीट समजलं तरच तुम्ही ते आईला आणि दादांना समजावू शकाल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. त्याचं मूळ शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. १९०० च्या आसपास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी पाण्यातल्या एकपेशीय जीवांवर ॲक्रिडीन नावाच्या रंगाचा परिणाम बघत होता. त्याला आढळलं की तोच रंग, तेच प्रमाण, पण उजेड असेल तर जीव पटकन मरतात आणि अंधारात बराच वेळ तगतात. म्हणजे मारत होती ती रंग आणि उजेड यांची जोडी, एकटा रंग नव्हे. काही वर्षांतच, १९०३ मध्ये, त्याच्या गुरूंनी, हेरमान फॉन टापायनर यांनी, एका त्वचारोगतज्ज्ञाला सोबत घेऊन त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून उजेड पाडून पाहिला. नंतर पुष्कळ वर्षं हे काम मागे पडलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत बफेलोला थॉमस डोहर्टी यांनी ते पुन्हा उचललं, आणि १९९० साली कॅनडात केनेडी आणि पॉटियर यांनी एक सोपी युक्ती काढली: रंग बाहेरून भरायचाच नाही, तो पेशीलाच तयार करायला लावायचा.

ही युक्ती तुम्हाला गुऱ्हाळावरून सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत एक छोटं गुऱ्हाळ चालू असतं. त्यात ॲमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड हा ऊस जातो, मधल्या टप्प्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचा रस तयार होतो आणि शेवटी त्यात लोह मिसळून हीम म्हणजे गूळ होतो. पेशीला किती गूळ लागतो त्या मानानंच ती एरवी ऊस तयार करते. आपण बाहेरून जेलमधून भरमसाट ऊस आणून टाकला की रस उतू जातो. कर्करोगाच्या पेशीत तर रसाचा गूळ करणारं शेवटचं काम मुळातच सावकाश चालतं, म्हणून काहिलीत रस जास्त साठतो. हा रस प्रकाशाला फार हळवा असतो. त्यावर ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पाडला की तो आजूबाजूच्या ऑक्सिजनला असा काही चेतवतो की पेशी आतून जळते. शेजारच्या चांगल्या पेशीत रस कमी, म्हणून तिला इजाही कमी.

प्रत्यक्षात हे कसं होतं तेही सांगते, कारण 'टाका नाही की काही नाही' यातलं 'काही नाही' तेवढं खरं नाही. आधी जागेवरची खपली खरवडून काढतात. मग जेलचा साधारण एक मिलिमीटर जाडीचा थर देऊन वर उजेड न शिरणारी पट्टी लावतात. तीन तास तसंच बसायचं. मग जेल पुसून दहा-पंधरा मिनिटं लाल दिवा. त्या दहा मिनिटांत जी आग होते ती मी पेशंटच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे. मिरची वाटल्यावर तोच हात डोळ्याला लागावा तशी आग. पंखा लावून, गार पाण्याचा फवारा मारून, कधी मध्ये थांबून ते पार पाडावं लागतं. नंतर दोन दिवस त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही. आठवड्यानं बहुधा पुन्हा एकदा. तीन महिन्यांनी तपासणी. मात्र सगळं नीट झालं तर व्रण फार सुंदर राहतो, जवळजवळ दिसतच नाही. दादांच्या शेजाऱ्याचं हेच झालं असणार.

आणि आता 'नॅनो'. तो ऊस म्हणजे ॲमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड पाण्यात विरघळणारा, आणि आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर तेलकट. पाणी आणि तेल यांचं जमत नाही, त्यामुळे औषध वरच पडून राहतं. यावर एका जर्मन कंपनीनं उपाय काढला तो असा: लेसिथिनचे अतिशय बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजायचे थेंब करायचे आणि औषध त्यांच्या संगतीनं आत पोचवायचं. हे अमेलूझ नावाचं जेल. युरोपात २०११ साली ॲक्टिनिक केराटोसिससाठी, म्हणजे उन्हानं होणाऱ्या खरखरीत, कर्करोगाच्या आधीच्या डागांसाठी, त्याला परवानगी मिळाली; अमेरिकेत त्याच आजारासाठी २०१६ मध्ये; आणि युरोपात २०१७ पासून काही निवडक बेसल सेल गाठींसाठीही. ॲक्टिनिक केराटोसिसच्या एका मोठ्या चाचणीत या जेलनं सुमारे ७८ टक्के रुग्णांचे सगळे डाग गेले, जुन्या क्रीमनं सुमारे ६४ टक्के. फरक खराच आहे. नॅनो तंत्रानं त्वचेच्या बाबतीत माणसाच्या हातात आजवर दिलेली ही सर्वांत ठोस गोष्ट, असं माझं मत आहे.

पण वर्तमानपत्रात जे येतं ते बहुधा हे नसतं. तिथं सोन्याचे कण असतात, जे शिरेतून सोडायचे, गाठीत जमायचे आणि अवरक्त प्रकाश पडला की तापून गाठ भाजायचे. हाही शुद्ध कल्पनाविलास नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जन्मलेले सोन्याचा मुलामा दिलेले कण १६ पुरुषांच्या प्रोस्टेटच्या गाठीवर वापरून पाहिले गेले, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. पवईच्या आयआयटीतही सोन्याच्या नॅनोकणांवर आणि प्रकाशाच्या उष्णतेवर काम झालेलं आहे. त्वचेच्या कर्करोगावर मात्र यातलं बहुतेक सगळं अजून काचेच्या बशीत आणि उंदरात आहे. आणि उंदीर फार फसवतो, ताई. त्याची कातडी कागदासारखी, गाठ मुद्दाम कातडीखाली टोचून दोन आठवड्यांत वाढवलेली. तुमच्या आईची गाठ चार वर्षं मुरलेली आहे. २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले निबंध एकत्र करून मोजलं तेव्हा असं दिसलं की शिरेतून सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक वाटा अवघा ०.७ टक्के. शंभरातला एकही पुरता नाही. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळून बसतात. हे काम पुढे जावं असं मला मनापासून वाटतं, पण त्याच्या भरवशावर आईच्या नाकावरची गाठ तशीच ठेवायची, हे मला पटत नाही.

आता आईच्या रिपोर्टमधले ते तीन शब्द घेऊ या, कारण उत्तर त्यांच्यातच आहे.

'बेसल सेल'. हा त्वचेच्या कर्करोगातला त्यातल्या त्यात भला. शरीरात दुसरीकडे पसरणं फारच क्वचित. तेव्हा आईला आधी हे सांगा की या गाठीनं तिच्या जिवाला सहसा धोका नाही. 'कॅन्सर' हा शब्द ऐकून ती रात्ररात्र जागत असेल. पण जागच्या जागी ही गाठ कुरतडत जाते. जुन्या डॉक्टरांनी तिला 'रोडंट अल्सर' म्हटलं ते उगाच नाही. उंदरानं पोतं कुरतडावं तशी ती कातडी, मग कूर्चा, मग हाड खाते. नाकपुडीला कूर्चेचाच आधार असतो. आज जे काम एका छोट्या छेदात होईल, त्याला दोन वर्षांनी अर्धी नाकपुडी द्यावी लागू शकते.

'नोड्युलर'. म्हणजे ती खोल गेलेली गाठ आहे, पातळ पसरलेला चट्टा नव्हे. लाल प्रकाश कातडीत काही मिलिमीटरच शिरतो आणि जेल तर त्याहून कमी. वरचा भाग मरतो, वरून छान कातडी येते, सगळे खूश होतात, आणि खाली मूळ तसंच राहतं. नेदरलँड्समध्ये अशाच नोड्युलर गाठींवर दिव्याचा उपचार आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांत दिव्याच्या गटात सुमारे ३१ टक्क्यांमध्ये गाठ पुन्हा आली, शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे २ टक्क्यांमध्ये. हा आकडा दादांना जरूर पाठवा. पातळ, वरवरच्या बेसल सेल गाठींचं चित्र वेगळं आहे, तिथं दिव्याला जागा आहे. पण तिथंही त्याच देशातल्या ६०१ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी दिव्याच्या उपचारानं गाठमुक्त राहिले सुमारे ६३ टक्के, तर घरी लावायच्या इमिक्विमॉड नावाच्या साध्या क्रीमनं सुमारे ८० टक्के. दिवा महाग आणि दिसायला आधुनिक, म्हणून तो सरस असं नसतं.

'पिगमेंटेड'. आपल्या लोकांच्या बेसल सेल गाठी बहुधा काळ्या असतात, म्हणूनच त्या चामखीळ किंवा तीळ म्हणून खपून जातात. आईनं चुना लावला यात तिचा काही दोष नाही, मी शिकलेल्या घरांतसुद्धा हेच पाहिलं आहे. पण हाच काळा रंग दिव्याच्या आड येतो. मेलॅनिन, म्हणजे कातडीला काळेपणा देणारं द्रव्य, प्रकाश शोषून घेतं, तो खाली पोचूच देत नाही. दादा जिथं राहतात तिथं गोऱ्या कातडीवर उन्हानं झालेले डाग रोजचे. त्या लोकांसाठी बसवलेला उपचार तासगावच्या उन्हात रापलेल्या कातडीवरच्या काळ्या गाठीला जसाच्या तसा लागू होत नाही.

शिवाय जागा. नाक, डोळ्याच्या कडा, ओठ, कान इथल्या गाठी परत उलटण्यात पटाईत असतात. तेव्हा खोल, काळी आणि नाकावरची, तिन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं.

मावशींच्या बावचीबद्दल मात्र मला आदरानं लिहायचं आहे. बावचीचं बी लावून उन्हात बसणं हा कोडावरचा आपला फार जुना उपाय, आणि त्यातलं सोरालेन हे द्रव्य आजही त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. औषध आणि उजेड यांची जोडी आपल्याकडे म्युनिकच्या कितीतरी आधी माहीत होती. पण तो कोडाचा उपाय आहे. कर्करोगाच्या गाठीवर सोरालेन आणि ऊन म्हणजे आगीत तेल. त्यानं फोड येतील, आणि मुळात उन्हानंच पेशी बिघडलेल्या असताना तिथं आणखी ऊन कशाला? मावशींना दुखवू नका, एवढंच सांगा की हा आजार वेगळा.

त्या क्लिनिकचं. त्यांनी फोनवर सहा सिटिंग सांगितल्या आणि बायोप्सीचा रिपोर्ट मागितला नाही, एवढ्यावरच माझं मत झालं. ज्याला गाठीचा प्रकार माहीत नाही तो सिटिंग किती हे कुठल्या हिशेबानं सांगतो? पुढेमागे कुणालाही असं काही सुचवलं गेलं तर विचारा: ट्यूबवर औषधाचं नाव काय, दिवा किती नॅनोमीटरचा, ही गाठ पातळ आहे की खोल, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासणार का. 'नवं संशोधन आहे' म्हणाले, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. माणसांवरच्या औषधचाचण्या या सरकारी नोंदवहीत नोंदवाव्या लागतात, आणि चाचणीतलं औषध देऊन पेशंटकडूनच आगाऊ रक्कम घेणं हा धोक्याचा बावटा आहे.

आता शस्त्रक्रियेबद्दल, आणि नथीबद्दल. आईची भीती मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. ज्या बाईनं लग्नापासून नथीशिवाय एकही कार्य पाहिलं नाही, तिला नाकपुडी कापणार म्हटल्यावर काय वाटेल? सर्जनला हे सांगायचं आपण लाजतो, आणि तो विचारत नाही. तुम्ही सांगा. आईचा नथ घातलेला एखादा जवळून काढलेला फोटो घेऊन जा, नाक टोचलेलं भोक गाठीपासून किती लांब आहे ते त्यांना दाखवा आणि छेद कुठून कुठे जाणार हे पेननं आईच्या नाकावरच काढून दाखवायला सांगा. नाकाला आडवा टाका घालून खेचलं तर नाकपुडी वर ओढली जाते, म्हणून बहुतेक वेळा शेजारची कातडी सरकवून झाकतात. हे काम प्लास्टिक सर्जनकडून किंवा त्वचेच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या माणसाकडून करून घ्या. भूल फक्त जागेपुरती असते, आई बोलत असते. टाके साधारण पाच-सात दिवसांत निघतात.

त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: कडा कशा तपासणार? गाठीभोवती काही मिलिमीटर चांगली कातडी घेऊनच ती काढतात, पण नाकावर जास्त घ्यायला जागा नसते. म्हणून काढलेल्या तुकड्याच्या कडा टेबलावरच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघता आल्या तर उत्तम. मोस नावाची पद्धत यासाठीच आहे, थर काढत, तपासत जायचं. ती आपल्याकडे मोजक्या ठिकाणीच होते, पण कडा गोठवून बघायची, म्हणजे फ्रोझन सेक्शनची, सोय मोठ्या रुग्णालयांत असते. आई शस्त्रक्रियेला शेवटपर्यंत नाहीच म्हणाली, तर पुढचा पर्याय किरणोपचार, दिवा नव्हे. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट बरोबर ठेवा.

वैशाखाला अजून चार महिने आहेत. आज काम केलं तर लग्नापर्यंत व्रणाची लाली बरीच उतरलेली असेल. ताज्या व्रणावर नथीचं वजन किंवा चापाच्या नथीचा चिमटा नको. केव्हापासून घालायची ते सर्जनला विचारूनच ठरवा. आणि बागेत जाताना मोठ्या काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर, व्रणावर सनस्क्रीन.

जाता जाता आणखी एक, कारण तुमच्यासारख्या घरांत हे कुणी बघत नाही. आईला आंघोळीनंतर एकदा नीट पाहा. परकराची नाडी बसते त्या कमरेच्या रेषेवर बरी न होणारी जखम किंवा जाड खडबडीत पट्टा आहे का? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन केलं. साडीमुळे बायकांनाही तसाच होतो. डाग दिसला तर दाखवा, नसला तरी नाडी सोडून रुंद पट्टा शिवून द्या. तळपाय पाहा, नखाखाली काळी रेघ आहे का पाहा. आपल्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा जास्त घातक कर्करोग, झालाच तर बऱ्याचदा तिथं होतो, आणि त्याला ना जेल चालतं ना दिवा. कुणाच्या जुन्या भाजलेल्या व्रणाला वर्षानुवर्षं सुकत नसलेली जखम असेल, तर त्यांनाही घेऊन जा.

दादांना माझा निरोप द्या की त्यांच्या शेजाऱ्याला योग्य उपचार मिळाला आणि त्यांनी तो मनापासून सुचवला. लग्नाला येतील तेव्हा स्वतःचं टक्कल आणि कानांची पाळीही तिथल्या त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवून यायला सांगा.

शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दहा दिवसांत हातात येईल. त्यात 'मार्जिन्स', म्हणजे कडा, असं लिहिलेली एक ओळ असते. ती ओळ मला लिहून पाठवा. 'फ्री', म्हणजे कडांना गाठ नाही, असं असेल तर पुढचं पत्र लग्नाच्या फोटोसकट येऊ द्या. 'इनव्हॉल्व्ड', म्हणजे कडेला गाठ उरली आहे, असं असेल तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा आणि मग मला.